भोंग्याला येणारं गिधाड

अकोल्याहून मेळघाटात जाणारी माणसं बहुतेक वाघ बघायला जातात. मी एक गोष्ट आणायला गेले होते. ती मिळाली की नाही याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे. जे तिकडे गेले नाहीत त्यांनी हे प्रवासवर्णन म्हणून वाचावं. जे गेले आहेत त्यांनी माझी फार टिंगल करू नये, ती मी परतल्यापासून स्वतःच करते आहे.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवते. ते वाचायचं तर ग्रीक देव ठाऊक हवेत, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवातीचे काही तास मी तेच सांगते. आधी नुसती पोकळी. तिच्यातून गाया, म्हणजे धरित्री. धरित्रीतून आकाश. मग मुलगा बापाला कापतो, तोच पुढे बाप होऊन आपली मुलं गिळतो आणि या सगळ्या भाऊबंदकीतून झ्यूस राजा होतो. भाऊबंदकी म्हटलं की आमच्याकडच्या पोरांना काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे प्रोमिथियस मातीची माणसं घडवतो, अथेना देवी त्यांच्यात फुंकर घालते, प्रोमिथियस त्यांच्यासाठी देवांकडून विस्तव चोरतो आणि झ्यूस त्याला कड्याला बांधतो. रोज एक पक्षी येऊन त्याचं काळीज खातो, ते पुन्हा उगवतं. मूळ गोष्टीत तो गरुड आहे, पण गरुड म्हटलं की आमची मुलं हात जोडतात, म्हणून मी गिधाड करून टाकलं. आणि गिधाड रोज गिरणीच्या भोंग्याला येतं असं सांगायची. लहानपणी अकोल्यात मामाकडे राहायला आले की दुपारी तो भोंगा ऐकू यायचा आणि मामी ताटं घ्यायची. वर्ग दरवर्षी त्या जागी हसतो. हा तास मी फार छान घेते असं लोक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

बारा वर्षांपूर्वी त्या वर्गात बबिता नावाची मुलगी होती. धारणीकडची, कोरकू आदिवासी. वसतिगृहात राहायची, भिंतीकडच्या बाकावर बसायची, बोलायची नाही. प्रोमिथियस माती मळतो आहे इथवर मी आले आणि तिने हात वर केला.

"मॅडम, आमच्यातबी मातीचेच केले माणसं. महादेवानं केले. पण घोडे आले अन् तुडवून गेले."

कोणीतरी खिदळलं. मी म्हणाले, "मेळघाटात घोडे कुठून आले गं?" आणि हसले. मग सगळा वर्ग हसला, कारण आता परवानगी मिळाली होती. ती अजून उभी होती. मी वर आणखी म्हणाले, "गावगप्पा वेगळ्या आणि मिथक वेगळं. हे पुस्तकात आहे." ती खाली बसली ती वर्षभर पुन्हा बोलली नाही.

हे मी विसरून गेले होते असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण विसरले नव्हते. मी स्वतः तेल्हाऱ्याची. पुण्याला एम.ए. करायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी "मले माहीत नाही" असं बोलले आणि त्या वर्गाने ते एक वाक्य दोन वर्षं पुरवलं. हसण्याचा आवाज पाठीवर कुठे लागतो हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून मी हसले.

यंदा हवा बदलली. आदिवासींच्या सृष्टिकथा अभ्यासक्रमात आल्या, म्हणजे पुस्तकात आल्या, म्हणजे मिथक झाल्या. एका चर्चासत्रात 'ग्रीक आणि आदिवासी सृष्टिकथा' या विषयावर बोलाल का, असं मला विचारलं आणि मी पुढचा विचार न करता हो म्हटलं. ग्रीक बाजू तोंडपाठ होती. दुसऱ्या बाजूला माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या, माती आणि घोडे. मग बबिताचा नंबर शोधला. ती आता आपल्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. फोनवर ती म्हणाली, "या ना मॅडम. बाबाच सांगतील." इतकं सहज म्हणाली की मला हायसं वाटलं. ती विसरली असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

परतवाडा

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. अकोटच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि तुरीवर पिवळी फुलं. हा रस्ता मी लहानपणापासून पाहते आहे, तरी खिडकीची जागा मिळाली की भांडल्याशिवाय सोडत नाही. परतवाड्याला उतरून धारणीची एसटी धरायची होती. ती अजून लागायची होती, म्हणून स्टँडसमोर आलुबोंडा खाल्ला. पहिल्याच घासाला मिरची लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "सासरी चालल्या का?" माझ्या वयाला हा प्रश्न बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नव्हता.

घाट लागला तसा कापूस संपला आणि साग सुरू झाला. पोटातला आलुबोंडा प्रत्येक वळणावर आपण असल्याचं सांगत होता. वह्या, रेकॉर्डर, कडक इस्त्रीच्या दोन साड्या असं सगळं मी चाकांच्या बॅगेत भरलं होतं. सेमाडोहच्या पुढे एका फाट्यावर उतरले. तिथून गाव दोनेक किलोमीटर, कच्चा रस्ता. पहिल्या शंभर पावलांतच बॅगेचं एक चाक निखळलं. बबिता घ्यायला आली होती. सहा वर्षांची मुलगी रोशनी तिचं बोट धरून होती. बबिताने बॅग डोक्यावर घेतली. माझी विद्यार्थिनी पुढे माझं ओझं घेऊन चाललीय आणि मी मागून पर्स सांभाळत, हे चित्र मला तेव्हा नुसतंच अवघडल्यासारखं वाटलं. त्यातलं बाकीचं नंतर कळलं.

गावाच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली लाकडाच्या पाट्या पुरलेल्या होत्या, कमरेएवढ्या. मी थांबले. वर सूर्य, चंद्र, आणि खाली कोरलेला घोडा, त्यावर माणूस.

"गेलेल्या माणसायच्या हायेत," बबिता म्हणाली. "आजी-आजोबांच्या."

"घोडा?"

"घोडा," ती म्हणाली आणि चालू लागली.

म्हणजे घोडे होते. मी बारा वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गावाच्या तोंडाशीच उभं होतं, एक सोडून दहा-बारा.

बाबांचं अंगण

गाव म्हणजे घरांच्या समोरासमोर दोन सरळ ओळी, मधे रुंद रस्ता. आमच्या तेल्हाऱ्याला घरं एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि मग भांडायला पुढे येतात. इथे प्रत्येक दार दुसऱ्या दाराकडे बघतं. भिंती बांबूच्या, मातीने सारवलेल्या, इतक्या स्वच्छ की माझ्या फ्लॅटची मला आठवण नको झाली.

बबिताच्या अंगणात पाऊल टाकलं आणि घरामागून एक तांबडा कुत्रा भुंकत आला. मला कुत्र्यांची भीती वाटते, लहानपणी एकाने पिंडरी धरली होती. मी खाली वाकले, हाताला लागला तो दगड उचलला आणि मारला. नेम माझा कधीच लागत नाही, त्या दिवशी लागला. कुत्रा केकाटत मागच्या मागे पळाला. अंगणात खाटेवर एक म्हातारा आंबाडीच्या वाखाची दोरी वळत बसला होता. त्याने दोरी थांबवली, कुत्रा गेला त्या दिशेला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी वळायला लागला.

"हेच बाबा," बबिता म्हणाली. "मुंगीलालबाबा म्हनतात सारे."

"चावत नाही तो," रोशनी मला म्हणाली. मी तिच्यासाठी आणलेला बिस्किटांचा पुडा काढला आणि विषय बदलला.

जेवायला मक्याची भाकर, आंबाडीची भाजी आणि कुटकीचा भात. कुटकी मी पहिल्यांदाच खाल्ली. बारीक दाणा, मऊ, थोडा मातकट. कौतुक म्हणून मी म्हणाले, "हल्ली शहरात हे फार महाग मिळतं." बबिताने मला आणखी भात वाढला. जेवणं झाल्यावर मी वही उघडली, रेकॉर्डर लावला आणि म्हणाले, "बाबा, माणसं कशी झाली ती गोष्ट सांगा."

त्यांनी बबिताकडे पाहिलं. ती भांडी घेऊन आत गेली. समोरच्या घरातली चार-पाच पोरं येऊन बसली होती, त्यांना ती गोष्ट माहीत असावी, कारण ती आधीच एकमेकांना कोपरं मारत होती.

"एक होता परमत्या," बाबा म्हणाले.

"हुं," पोरं एका सुरात म्हणाली.

"त्यानं माती मळली."

"हुं."

"मातीचे माणसं केले. एका देवीनं फुक मारली, तं ते उठून बसले. पण थंडीनं कुडकुडून राहिले. देवायजवळ विस्तव होता, देव देत नोते. तं परमत्यानं बांबूच्या नळीत विस्तव लपवला अन् चोरून आनला."

मी भराभर लिहीत होते. मातीची माणसं, देवीची फुंकर, विस्तवाची चोरी, तीही पोकळ नळीत! ग्रीक गोष्टीत बडीशेपेच्या पोकळ देठात आहे, इथे बांबूच्या. सातपुड्यात प्रोमिथियस! समुद्र ओलांडून, कोणी कोणाला न सांगता, दोन टोकांना एकच गोष्ट! मला चर्चासत्र दिसायला लागलं. मागे बसलेले पुण्याचे लोक सरसावून बसलेले दिसले. मी तिथे काय नेसणार हेसुद्धा ठरलं.

"मोठा देव लय भडकला. त्यानं परमत्याले चिखलदऱ्याच्या कड्याले बांधलं, साखळदंडानं. अन् मंग रोज काय होये?"

पोरांना इथलंच ऐकायचं होतं. "गिधाड!" रोशनी ओरडली.

"गिधाड ये. रोज ये. भोंगा वाजला का ये, अन् काळीज खाये."

पोरं खदखदून हसली. माझं पेन थांबलं.

"भोंगा?" मी विचारलं. "कशाचा भोंगा, बाबा?"

"ते मले काय मालूम?" ते म्हणाले. "भोंगा कसा रायते तेबी म्या पायला नाही. गोष्टीत हाय."

मी गाव पाहिलं होतं. त्या दोन ओळींच्या आसपास कोसभर गिरणी नव्हती, भोंगा नव्हता. तो भोंगा माझ्या मामाच्या घरामागचा होता.

दारात बबिता उभी होती, ओल्या हातांनी. मी तिच्याकडे पाहिलं आणि रेकॉर्डर बंद केला. बाबा पुढे सांगत राहिले, पोरं हुं म्हणत राहिली. मी मान वर केली नाही. मी माझीच गोष्ट उतरवून घेत होते, आणि घेताना केवढी हरखून गेले होते.

शाळेमागची विहीर

उन्हं उतरल्यावर बबिता मला गाव दाखवायला घेऊन निघाली. शाळेमागे विहीर आहे, तिच्या काठावर बसलो. मी काही विचारायच्या आत तिने सांगितलं.

"त्या दिवाळीत मी घरी आली, तं बाबा गोष्ट सांगून राहिले होते पोरायले. आमची, महादेवाची. मी म्हटलं, बाबा, सांगू नका. कॉलेजच्या बाई म्हणे हे गावगप्पा हाय. बाबानं विचारलं, मंग खरी कोनती? मी तुमची सांगितली. पूर्ण. भोंग्यासकट."

"आणि त्यांनी मानलं?"

"तुमी कॉलेजच्या मॅडम ना. आमच्या घरात कॉलेजात पयल्यांदा मीच गेली होती. तुमी सांगितलं ते खोटं कसं असन? तवापासून बाबा तेच सांगते. मी मंग मोठी झाली, मले समजलं. मी म्हटलं, बाबा, आपली सांगा. तं म्हनते, बाईनं खोटी म्हटली ते लेकरायले कायले सांगू? धा वेळा म्हटलं. ऐकतच नाही. मले अर्धीच येते, लहानपनी ऐकली तेवढी. आई असती तं तिले विचारलं असतं. आता बाबाचंबी मधे मधे विसरून राहिलं. मागच्या पावसाळ्यात रोशनीचं नाव विसरले होते एक दिवस."

विहिरीत एक बादली उलटी तरंगत होती.

"रोशनीले आमची गोष्ट मालूमच नाही," ती म्हणाली. "शाळेत तिले चित्र काढा म्हटलं का ते गिधाड काढते."

मी आयुष्यात कितीतरी वेळा म्हटलं असेल की शिक्षकाचा शब्द दूरवर जातो. निरोप समारंभात तर दरवर्षी म्हणते. तो इतका दूर, घाट चढून, एका खाटेपर्यंत गेला होता आणि तिथे बसलेल्या माणसाचं तोंड बंद करून आला होता. मला त्या क्षणी पहिली एसटी पकडून अकोल्याला जावंसं वाटलं. शेवटची निघून गेली होती, म्हणून राहिले. त्यात माझा मोठेपणा काही नाही.

संध्याकाळी मी बाबांना विचारून पाहिलं. माझ्या पद्धतीने, म्हणजे ताठा न सोडता. म्हणाले, "बाबा, महादेवाची पण एक गोष्ट आहे ना? घोड्यांची? तीही महत्त्वाची आहे बरं का. आता विद्यापीठाने पण मान्य केलीय."

ते दोरीकडे बघत म्हणाले, "ते गावगप्पा हाय बाई."

माझाच शब्द, माझ्याच ठसक्यात. बारा वर्षं त्यांनी तो नीट सांभाळून ठेवला होता.

दुसरा दिवस

सकाळी काळा चहा घेतला. घरात दूध नव्हतं आणि माझ्यासाठी म्हणून समोरच्या घरून मागवलेलं मांजराने सांडलं होतं. बाबा खाटेवर दोरी वळत होते. रोशनी आणि पोरं शाळा भरायची वाट बघत अंगणात खेळत होती. तांबडा कुत्रा कुंपणापाशी बसला होता, माझ्यापासून मोजून लांब.

मी वही आतच ठेवली. खाटेसमोर खाली जमिनीवर बसले. इस्त्रीची साडी होती, असू दे म्हटलं. आणि तीस वर्षांत न बोललेल्या भाषेत बोलले, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते तोंडातून निघेना.

"बाबा, मी चुकली. तुमची गोष्ट गावगप्पा नाही. मले ते मालूमच नोतं. मले मालूम नसून मी बोलली."

त्यांचे हात थांबले. "तुमी आमच्यासारख्या बोलता?"

"तेल्हाऱ्याची हावो मी. पुन्यात लोक हासले म्हून सोडलं."

"काहून हासले?"

"त्यायले वाटलं त्यायचंच खरं."

बाबा यावर थोडं हसले, पण दोरी पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, संपलं. माफी मागितली की समोरचा लगेच सगळं उघडून देतो असं माझ्या डोक्यात होतं. तसं काही झालं नाही. मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून मीच सुरू केलं.

"महादेवानं मातीचे माणसं केले," मी म्हणाले.

पोरं माझ्याकडे बघत होती.

"पण घोडे आले अन् तुडवून गेले."

एवढंच मला येत होतं. एका मुलीने उभं राहून सांगितलेली दोन वाक्यं. मी तिथेच थांबले, आणि अंगणात इतकं शांत झालं की वाखाचा आवाज ऐकू येत होता. तेव्हा मला काल दिसूनही न कळलेलं कळलं. इथे गोष्ट ऐकणाऱ्याने हुं म्हणायचं असतं. हुं म्हटलं नाही तर सांगणारा पुढे जात नाही, त्याला वाटतं कोणी ऐकत नाही. काल पोरं हुं म्हणत होती आणि मी लिहीत होते. आणि बारा वर्षांपूर्वी त्या मुलीने दोन वाक्यं सांगून थांबून पाहिलं होतं. साठ जणांच्या वर्गात तिला एक हुं मिळाला नव्हता.

मी पुन्हा म्हणाले, "महादेवानं मातीचे माणसं केले."

"हुं," बाबा म्हणाले. खाली बघतच, सवयीने म्हटल्यासारखं.

"पण घोडे आले..."

"असं नाही," ते म्हणाले. "माती कोठून आनली?"

"मले नाही मालूम."

"मंग कशी सांगता? मातीच नाही तं माणसं कशाचे?" ते वैतागले होते. दोरी त्यांनी खाटेवर टाकली. "आधी माणूसच नोता. सातपुडा सारा सुना. रावन फिरत फिरत इकडे आला..."

त्यांनी थांबून माझ्याकडे पाहिलं.

"हुं," मी म्हणाले.

"त्यानं महादेवाले म्हटलं, एवढं मोठं रान अन् राहाले कोनी नाही."

"हुं."

ही गोष्ट गावागणिक थोडी वेगळी सांगतात. मी बाबांच्या अंगणात ऐकली ती अशी. महादेवाने कावळ्याला माती आणायला पाठवलं. कावळा रानोरान हिंडला, आणि वारुळाची तांबडी माती घेऊन आला. महादेवाने तिची दोन बाहुली केली, एक बाई, एक बाप्या, आणि वाळत ठेवली. त्यांच्यात जीव घालायचा तेवढ्यात इंद्राने घोडे सोडले. त्याला माणसं नको होती. घोड्यांनी बाहुली तुडवून पुन्हा माती केली. दुसऱ्या दिवशी महादेवाने पुन्हा केली, पुन्हा घोडे आले. इथे बाबा दोनदा अडकले, एकदा कावळ्याचं नाव आठवेना. बबिता शाळेची किल्ली हातात घेऊन दारात उभी होती. घंटेची वेळ कधीच झाली होती, ती गेली नाही.

मी हुं म्हणत होते आणि डोक्यात मात्र सव्वीस वर्षांचा तास चालू होता. झ्यूस काय आणि इंद्र काय, दोघांच्या पोटात माणसाबद्दल तेच दुखतं. पण माझ्या ग्रीकांचा प्रोमिथियस माणूस एकदाच घडवतो. इथला देव मोडलेलं पुन्हा घडवतो, आणि घोड्यांशी लढायला तलवार काढत नाही. तो काय करतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी पहिल्यांदा, खरोखर, पुढे काय झालं ते ऐकायला बसले होते.

"मंग महादेवानं इचार केला," बाबा म्हणाले. "त्यानं आधी दुसरंच काहीतरी केलं. काय केलं?"

"काय केलं?" रोशनीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"तांबड्या मातीचे दोन कुत्रे केले. त्यायच्यात जीव घातला अन् म्हटलं, बसा इथं. घोडे आले, तं कुत्रे असे भुंकले, असे भुंकले, का घोडे पयाले. मंग निवांत माणसात जीव घातला. कुत्रा नसता तं तुमी आमी कोनीच नसतो." ते थांबले आणि कुंपणाकडे हात केला. "त्याचाच नातू हाय तो. काल बाईनं दगड मारला ना, तो."

पोरं हसली, या वेळी माझ्यावर, आणि त्यांचं बरोबर होतं. ग्रीकांकडेही एक कुत्रा आहे, तीन तोंडांचा. तो पाताळाच्या दारात मेलेली माणसं बाहेर येऊ नयेत म्हणून बसतो. हे मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगते. इथले कुत्रे माणूस जन्मावा म्हणून बसले होते, आणि मी अंगणात आल्याबरोबर पहिलं काम काय केलं ते वर लिहिलंच आहे. मला हुं म्हणता येईना. बाबा थांबून राहिले.

"हुं, मॅडम," रोशनी मला हळूच म्हणाली. "हुं म्हना ना."

फाटा

दुपारच्या एसटीला बबिता मला पोचवायला आली. बॅग या वेळी मी घेतली, एका चाकावर ओढत. घोड्यांच्या पाट्यांपाशी क्षणभर थांबले. कुत्रा मागून येत होता, अंतर ठेवून.

फाट्यावर मी वाटेसाठी बांधून दिलेली भाकर काढली आणि त्याच्यापुढे धरली. हात पुढे झाल्याबरोबर तो शेपूट पायात घालून रस्त्यापलीकडे गेला. बबिताने माझ्या हातातली भाकर घेतली, तिच्या हातून त्याने खाल्ली.

मी म्हणाले, "चर्चासत्राला तू बोल. मी त्यांना कळवते. गोष्ट तुमची आहे."

"बघीन," ती म्हणाली. "आधी बाबापासून पूर्ण करून घेतो. कावळ्याचं नाव राहिलं हाय." आणि मग लांबून येणाऱ्या एसटीकडे बघत म्हणाली, "तुमाले त्याच्याचसाठी बोलावलं होतं, मॅडम. माह्यानं बाबाचं कुलूप उघडत नोतं. तुमीच लावलं होतं, तुमालेच उघडा लागत होतं."

म्हणजे ती विसरली नव्हती. फोनवरचा तो सहज आवाज मला आठवला आणि कानशिलं तापली. एसटी थांबली. कंडक्टरने दार उघडलं. मी बॅग आत ढकलली, पायरीवर पाय ठेवला.

"मॅडम," ती मागून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी बाबाची माफी मांगितली. हासल्या तं मले होत्या."

कंडक्टर म्हणाला, "चला बाई, लवकर." मी पायरीवरून वळले. भाषेची, वाक्याची जुळवाजुळव करायला वेळ नव्हता, आणि ते बरंच झालं.

"मी तुले हासली, बबिता," मी म्हणाले. "तू उभी होती अन् मी हासली."

ती 'नाही नाही' म्हणाली नाही, 'असू द्या' असंही म्हणाली नाही. माझ्याकडे सरळ बघत ती फक्त म्हणाली, "हुं."

आणि पुढचं ऐकायला उभी राहिली.